शेवटच्या पानावरचे नाव

कोणतेही मराठी मासिक किंवा त्रैमासिक हाती घ्या. त्याच्या पहिल्या वा शेवटच्या पानावर, अगदी बारीक टायपात, तीन-चार ओळींचा एक मजकूर आढळतो. अंक कोणी छापला, कोठे छापला, कोणी प्रसिद्ध केला आणि संपादक कोण, एवढेच त्यात असते. त्याच्या जोडीला, अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही, असे एक वाक्यही बहुधा असते. कविता वाचणारा कविता वाचतो, लेख वाचणारा लेख वाचतो; या ओळींकडे सहसा कोणी वळत नाही.

मला त्या ओळी वाचायची सवय लागली ती सांगलीत. शिक्षकी पेशाच्या आरंभीच्या वर्षांत मी सुटीच्या दिवसांत एका लहान छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम करीत असे. खिळे हाताने जुळवण्याचा तो काळ. छापखान्याचे मालक फारसे शिकलेले नव्हते. लेखांतले ऱ्हस्वदीर्घ ते माझ्यावर सोपवीत. पण यंत्र सुरू होण्यापूर्वी शेवटच्या पानाचे प्रूफ मात्र स्वतः डोळ्यांजवळ धरून वाचत. एकदा मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, लेखात चूक राहिली तर वाचक हसतील. इथं चूक राहिली तर मला कोर्टाची पायरी चढावी लागेल."

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. १८६७ सालच्या मुद्रणालये व पुस्तके यांच्या नोंदणीच्या कायद्याने या देशात छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण घालणे बंधनकारक केले. नियतकालिक काढणाऱ्याने दंडाधिकाऱ्यासमोर तसे प्रतिज्ञापन करावयाचे, आणि ज्याचे नाव संपादक म्हणून छापले आहे तोच संपादक असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे, अशी ती व्यवस्था. १ मार्च २०२४ पासून तिची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. परकीय सरकारने हा कायदा केला तो लोककल्याणासाठी नव्हे, छापखान्यांवर नजर ठेवण्यासाठी, हे उघड आहे. तरीही त्यातून एक शिस्त आपल्या अंगवळणी पडली. जो शब्द लोकांपुढे ठेवला जाईल, त्याच्या मागे कोणीतरी नाव-गाव असलेला माणूस उभा असेल, ही ती शिस्त.

या शिस्तीची किंमत आपल्याच भागातील माणसांनी मोजली आहे. इस्लामपूर आज सांगली जिल्ह्यात आहे. त्याचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ मध्ये जाहीर केला. परंतु एकोणिसाव्या शतकात हे गाव सातारा जिल्ह्यातच होते. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या इस्लामपुरातून 'प्रतोद' नावाचे एक पत्र निघत असे. १८९७ मध्ये स्वतंत्र होण्याच्या तयारीविषयीच्या एका लेखावरून त्याच्या संपादकावर आणि आणखी एकावर राजद्रोहाचा खटला झाला. साताऱ्याच्या सत्र न्यायालयाने दिलेली जबर शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने बरीच कमी केली. पण दोष मात्र कायम ठेवला. त्या न्यायपीठावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हेही होते.

त्याच वर्षी लोकमान्य टिळकांवरचा पहिला राजद्रोहाचा खटला चालला. ज्या मजकुरावरून तो झाला त्यात १५ जून १८९७ च्या 'केसरी'त टोपणनावाने आलेल्या कवितेचाही समावेश होता. सरकारने टिळकांबरोबर मुद्रकालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. मुद्रक सुटला, टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. येथे एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधतो. लिहिणाऱ्याचे खरे नाव कवितेखाली नव्हते, तरी तो मजकूर बेवारस नव्हता. नाव झाकलेल्या माणसासाठी दुसरा एक माणूस आपले नाव देऊन उभा होता.

आता आपल्या काळाकडे येऊ. १३ सप्टेंबर २०२२ रोजी सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील लवंगा या गावी उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना जमावाने काठ्यांनी व पट्ट्यांनी मारहाण केली. ते विजापूरकडून पंढरपुरास निघाले होते. त्यांनी एका मुलाला वाट विचारली आणि ही मुले पळवणारी टोळी असावी असा संशय गावात पसरला. पोलिसांनी चौकशी केली तेव्हा ते खरोखरीच साधू असल्याचे आढळले. सुदैवाने चौघांचे प्राण वाचले. त्या दिवसांत महाराष्ट्रभर मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश भ्रमणध्वनीवरून फिरत होते. कोणत्याही संदेशाखाली मुद्रकाचे नाव नव्हते. गाव, तारीख, वार काहीच नव्हते.

पुढल्याच वर्षी, १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री, सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील पुसेसावळी येथे समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त होऊन दंगल उसळली. घरांवर, दुकानांवर व मशिदीवर हल्ला झाला. एका तरुणाचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. तो मजकूर खरोखर कोणी लिहिला, याविषयी पुढे प्रश्न विचारले गेले. पण गेलेला जीव त्या उत्तराची वाट पाहत थांबला नाही. जिल्ह्यात इंटरनेट बंद करण्यात आले. आम्ही साताऱ्यात होतो. भाजीवालीला पैसे द्यायला सुटी नाणी शोधावी लागली, परगावी असलेल्या मुलांच्या चौकशीला उत्तर देता येईना, एवढीच आमची गैरसोय. पण एका प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही. एका गावातल्या एका मजकुराचे उत्तर म्हणून साऱ्या जिल्ह्याचे तोंड बंद करावे लागते, याचा अर्थ तो मजकूर कोणाच्या अंगणातून आला हे ठरवण्याची सोयच आपल्यापाशी नाही काय?

सोय आहे, पण ती छापखान्यासारखी नाही. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला. त्याचे ७९ वे कलम संकेतस्थळे चालवणाऱ्यांना 'मध्यस्थ' मानते. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल, काही अटी पाळल्यास, मध्यस्थाला जबाबदार धरावयाचे नाही, असे ते कलम सांगते. २००४ मध्ये दिल्लीत खरेदी-विक्रीच्या एका संकेतस्थळाच्या प्रमुखास, कोणा वापरकर्त्याने विक्रीस ठेवलेल्या अश्लील चित्रफितीवरून, अटक झाली होती. त्यानंतर २००८ च्या दुरुस्तीने हे संरक्षण अधिक रुंद केले गेले. अमेरिकेने असेच संरक्षण १९९६ मध्येच दिले होते. २४ मार्च २०१५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की, न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिकृत सूचना मिळाल्यावरच मजकूर काढण्याची सक्ती मध्यस्थावर येते; कोणाही व्यक्तीची नुसती तक्रार त्यासाठी पुरेशी नाही.

माझ्या छापखान्याच्या मालकांना हे ऐकून नवल वाटले असते. त्यांनी लग्नपत्रिका छापली तरी खाली नाव घालावे, आणि कोट्यवधी लोकांचे बोलणे रोज वाहून नेणाऱ्या कंपनीने मात्र "मी फक्त भिंत आहे, लिहिणारे दुसरे" असे म्हणावे! पहिल्या विचारात हे अन्यायाचेच वाटते. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या संपादकाला प्रत्येक पत्रलेखकाबद्दल तुरुंगाची भीती असेल, तो वाचकांच्या पत्रव्यवहाराचे पानच बंद करील. कंपनीला प्रत्येक शब्दाबद्दल दोषी धरले, तर ती वादाचा वास असलेला प्रत्येक शब्द पुसून टाकील. मग दंगल पेटवणाऱ्याबरोबर पाणीटंचाईची तक्रार करणारी बाईही गप्प होईल, कारण कंपनीच्या यंत्राला दोघांतला फरक कळणार नाही आणि जोखीम घेण्याचे तिला कारणही उरणार नाही.

शासनाच्या हाती सारे सोपवावे, तर त्याचाही अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. २००७ मध्ये शिवछत्रपतींविषयीच्या आक्षेपार्ह मजकुरावरून पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका तरुणाला पकडले. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती; निरपराध माणूस सुमारे पन्नास दिवस तुरुंगात राहिला. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. एकीने मुंबई बंदविषयी दोन ओळी लिहिल्या होत्या आणि दुसरीने त्या आवडल्याची खूण केली होती. ज्या ६६अ कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला, तेच सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या त्याच निकालात घटनाबाह्य ठरवले.

हा प्रश्न दूरच्या न्यायालयांपुरताच राहिला असता, तर मी हा लेख लिहिला नसता. आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांचा एक व्हॉट्सॲप गट आहे. मिस्साच्या वेळा, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, कोणाच्या घरी नातवंड झाले, असा त्यावरचा मजकूर. निवृत्तीनंतर त्याची व्यवस्था माझ्याकडे आली. लवंग्याची बातमी आली त्याच सुमारास गटावर एक संदेश पडला. टोळी आली आहे, वेष साधूंचा आहे, आपापली मुले सांभाळा, दहा जणांना कळवा. सोबत एक भयंकर छायाचित्र. मी तो काढून टाकला. ज्यांनी तो पाठवला होता ते वयाने माझ्याहून मोठे आणि सर्वांचे 'काका'. रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर त्यांनी मला गाठले.

"सर, तुम्ही आमचं सेन्सॉर बोर्ड केव्हापासून झालात? मी काही लिहिलं नव्हतं. नुसतं पुढं पाठवलं होतं."

मी म्हणालो, "काका, तो कागद तुमच्या नावानिशी चर्चच्या फलकावर लावू का?"

ते थोडे थांबले. "नको. खरं आहे की नाही, मला कुठं ठाऊक आहे?" आणि मग त्यांनी जे विचारले ते मला आजही आठवते. "पण खरं निघालं असतं तर? एखादं लेकरू वाचलं असतं तर?"

काकांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. भीती खोटी असली तरी तिच्या मागची माया खोटी नसते. मी एवढेच म्हणालो की, ज्या निरोपात गाव नाही, वेळ नाही, सांगणाऱ्याचा पत्ता नाही, त्याने कोणत्याही आईला सावध करता येत नाही. फक्त वाटसरूला मार बसतो. खरी शंका असेल तर पोलीस ठाणे आहे. काकांना ते किती पटले हे त्यांनी सांगितले नाही. मात्र चहाला घरी चला, असे म्हणाले.

गट चालवणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी किती, याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिले आहे. सभासदाने टाकलेल्या मजकुराबद्दल, त्यात संगनमत नसेल तर, गटाच्या चालकाला गुन्हेगार धरता येणार नाही, असा तो निर्णय. तेव्हा तो संदेश मी तसाच राहू दिला असता तरी कोणी मला पकडले नसते. पण कायदा जेथे थांबतो तेथे सद्सद्विवेकबुद्धी थांबत नाही. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे, आणि साक्ष स्वतः रचली की दुसऱ्याची पुढे नेली, असा भेद तिने केलेला नाही.

येथे आपल्या ख्रिस्तमंडळाचाही इतिहास प्रांजळपणे आठवला पाहिजे. निषिद्ध ग्रंथांची यादी रोमने १५५९ मध्ये जाहीर केली आणि ती १९६६ मध्ये रद्द होईपर्यंत चार शतके कोणत्या ना कोणत्या रूपात चालली. मराठीचे भूषण असलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले, तेही धर्मसत्तेच्या परवानगीनेच. त्याच गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगीज राजसत्तेने लोकांच्या बोलीवरच बंदी घातली. ज्या सत्तेला एक पुस्तक अडवता येते, तिला पुढे अख्खी भाषा अडवण्याचा मोह होतो, हे आपण घरच्या अनुभवावरून जाणतो. म्हणून सेन्सॉरशिपच्या बाजूने बोलताना आपली जीभ जरा अडखळली पाहिजे. मात्र त्या जुन्या व्यवस्थेतील एक गोष्ट मला विचारात घेण्यासारखी वाटते. धर्मविषयक ग्रंथावर बिशपांची मुद्रणपरवानगी छापली जाते, तेव्हा तिच्याखाली त्यांचे नाव व तारीख असते. परवानगी देणाराही लपून राहत नाही.

मग मार्ग कोणता? मला वाटते, आपण चुकीच्या जागी उत्तर शोधतो. कंपनी संपादक आहे की पोस्टमन, यावर वाद घालतो. वास्तविक ती दोन्ही नाही. पोस्टमन एक पत्र एका घरी देतो. तो त्याच्या शंभर प्रती काढीत नाही. संपादक मजकूर वाचून निवडतो. ही कंपनी न वाचता निवडते. ज्या मजकुराने लोक थबकतात, चिडतात, पुन्हा पुन्हा पाहतात, तो तिची यंत्रणा वर आणते, कारण लोक जितका वेळ पाहतील तितक्या जाहिराती खपतात. शब्द दुसऱ्याचा असेल. पण त्याला दिलेला वेग कंपनीचा आहे. त्या वेगाचा जाब तिला विचारता येतो आणि त्यासाठी कोणाचे तोंड बंद करावे लागत नाही.

याचा एक दाखला आपल्यासमोर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकऱ्याचे जिणे जगणाऱ्या पाच जणांना, मुले पळवणारे समजून, जमावाने ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातील डवरी गोसावी समाजाचे होते. देशात अशा हत्यांची मालिकाच चालली होती. केंद्र शासनाने जाब विचारल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये, वारंवार पुढे ढकललेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाईल, असे केले. कंपनीने कोणाचा एकही संदेश वाचला नाही, कोणाचे मत पुसले नाही. फक्त उतार कमी केला. लवंगा त्यानंतर घडले, म्हणजे एवढे पुरेसे नव्हते हे खरे. तरी दिशा तीच आहे. मात्र जे पाच माणसे गेल्यावर सुचले, ते आधी सुचावयास कोणाची हरकत होती?

आणि शब्द थांबवणाऱ्यालाही हीच शिस्त लागू व्हावी. कायद्याच्या ६९अ कलमाखाली शासन मजकूर रोखू शकते. पण त्याच्या २००९ च्या नियमांनी या कारवाईला गुप्ततेचे आवरण दिले. ज्याचे लिखाण नाहीसे झाले त्याला पुष्कळदा कारणच कळत नाही. छापील लेख जप्त झाला तर निदान जप्तीचा हुकूम दाखवावा लागे! १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत आणि बंदी बेमुदत असू नये, असे सांगितले. शासनाविषयीचा कोणता मजकूर खोटा हे शासनाच्याच कक्षाने ठरवावे, अशी तरतूद २०२३ मध्ये झाली होती. ती मुंबई उच्च न्यायालयाने २० सप्टेंबर २०२४ रोजी रद्द ठरवली. हे निर्णय वाचताना मला 'प्रतोद'च्या संपादकाची आठवण होते. त्याच्यावर अन्याय झाला असेल. पण तो उघड न्यायालयात झाला, आरोप वाचून दाखवून झाला, आणि म्हणूनच आज आपण त्याला अन्याय म्हणू शकतो.

न्यायालये आणि सरकारे आपापले काम करतील, सावकाश करतील. तोवर घराघरांतून करण्याजोगे काही उरतेच. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशासाठी खोट्या बातम्या हाच विषय निवडला होता. ख्रिस्ती कुटुंबांपुढे त्यांनी तो ठेवला, याचे कारण खोटे जितके छापखान्यातून निघते तितकेच ते स्वयंपाकघरातून, दिवाणखान्यातून आणि चर्चच्या अंगणातूनही पुढे जाते. आपल्यासारख्या, संख्येने थोड्या असलेल्या समाजाला तर ही गोष्ट कोणी शिकवावयास नको. आज साधूंविषयी फिरणारा निरोप उद्या फादर-सिस्टरांविषयी फिरू शकतो, आणि त्या वेळी कोणीतरी अनोळखी माणसाने तो पुढे पाठवण्याआधी थांबावे, अशी आपलीच प्रार्थना असेल.

आमच्या गटावर आता एक साधा नियम आहे, आणि गंमत अशी की तो काकांनीच सुचवला. बाहेरून आलेला निरोप टाकायचा असेल, तर तो आपल्याला कोणाकडून व केव्हा कळला, हे स्वतःच्या शब्दांत वर लिहावयाचे. नियम लागू झाल्यापासून गटावरचे संदेश पुष्कळ कमी झाले आहेत. मिस्साच्या वेळा आता लगेच सापडतात. आजाऱ्यांची नावेही.